डाव्या बाजूला बस

प्रिय बंड्या,

आपल्या पियानोच्या सरांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळवलं त्याला आठ महिने झाले, त्यानंतर माझा फोन नाही की मेसेज नाही. चूक माझीच. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, हिचा गुडघा अजून कुरकुरतो. पण रविवारी माहीमला जे झालं ते तुलाच सांगायचंय, बाकी कुणाला सांगून कळायचं नाही.

सर आता काठीने चालतात, बोलणंही बरंच सुधारलंय, पण डावा हात उठत नाही तो नाहीच. पियानोचं झाकण जानेवारीपासून बंद, वर औषधांचे डबे. आंटी म्हणाल्या विकायचा म्हणतायत, आणि मी घरातून निघतानाच आपल्या जॅझ पियानोवाल्या कीथ जॅरेटचा विषय काढायचा असं ठरवून गेलेलो. २०१८ मध्ये त्याला फेब्रुवारीत आणि मेमध्ये असे दोन झटके आले, डावी बाजू गेली, जवळपास दोन वर्षं नर्सिंग होममध्ये, आणि २०२० ला त्याने स्वतःच सांगून टाकलं की डाव्या हाताने फार तर कप धरता येईल, एवढीच आशा आहे. आता हे सरांना सांगणं म्हणजे धीर देणं की जखमेवर मीठ चोळणं? लोकलमध्ये तेच डोक्यात. १९९६ च्या थकव्याच्या आजारातून तो उठला, घरीच बसून बायकोला नाताळची भेट म्हणून साधी साधी गाणी वाजवली, १९९९ ला तीच रेकॉर्ड आली, हे सांगता आलं असतं. पण तेव्हा त्याचे दोन्ही हात होते ना रे.

जॅरेटच्या जर्मनीतल्या कोलोनच्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डवरून आपलं भांडण आठवतं? रंगभवनात जॅझ यात्रा ऐकून परतताना, मरीन लाइन्सच्या पुलावर. तू म्हणालास दोन कॉर्ड घोळवत बसलाय, यात जॅझ कुठाय, आणि मी पंधरा दिवस बोललो नाही. अजूनही सांगतो, तू चुकलास. २४ जानेवारी १९७५, रात्री साडेअकरा, समोर चौदाशे माणसं, पाठ धरलेली, आणि स्टेजवर भलताच पियानो: छोटा, वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या, खर्ज पोकळ, पेडल धड नाही. मग तो मधल्या पट्ट्यांत राहिला आणि डाव्या हाताने तोच तोच ठेका ठोकत राहिला, ए मायनर नि जी, मिनिटंच्या मिनिटं, खर्ज पियानोत नव्हता तो हाताने उभा केला. (खोकणाऱ्यांवर तो भर कार्यक्रमात भडकायचा, तुला तर हॉलबाहेरच काढलं असतं.) आणि नेमका तोच हात गेला. हे मला अजून सहन होत नाही.

बरं, रविवार. जॅरेटचं नाव मी काढलंच नाही. चहा झाल्यावर सरांनी मला डबे खाली ठेवायला लावले, झाकण उघडलं, उजव्या हाताने डावा उचलून मांडीवर ठेवला, झोपलेलं मांजर ठेवावं तसा, आणि म्हणाले, "लेफ्टला बस, मॅन." एका बाकावर दोघं. पावसाळ्याने फुगून तीन पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात, त्या नखाने वर काढत वाजवत होते. तोच वॉल्ट्झ, तुझ्या परीक्षेचा. आठ बार झाले नि थांबले. "तू मागे राहतो. बंड्या बरोब्बर असायचा." पुन्हा सुरू, पुन्हा थांबले. मग माझं मनगट धरून तालावर हलवायला लागले, आपण चौदा वर्षांचे असताना करायचे तसं, आणि त्यांचाच हात थरथरत होता. मी खाली पट्ट्यांकडे बघत राहिलो.

बंड्या, त्यांना तुझा डावा हात हवाय. तू सोडून गेलास तेव्हा ते जे बोलले ते बोलायला नको होतं, मी तेव्हा गप्प बसलो हेही चुकलंच. पण तुझा परीक्षेचा फोटो अजून मेट्रोनोमच्या मागे उभा आहे, रविवारी बघितला. मी दर आठवड्याला जाणारच आहे, पण मी मागे राहतो हे खरंय.

तुझ्या ट्रान्सफरचं काय झालं? पोरीला बारावीबद्दल शाब्बास सांग, वहिनींना नमस्कार.

पियानोचं दिवाळीपर्यंत थांबायला मी आंटींना सांगितलंय. ट्यूनरला पट्ट्यांसाठी बोलावतोय. नाशिकहून सकाळची पंचवटी पकडलीस तर जेवायच्या आत माहीमला पोचतोस. कुठला रविवार ते कळव, मी दादरला घ्यायला येतो.

तुझाच,
अव्या