अकरा ओळी आधी, नाटक नंतर : आमच्या बाईंचे जाहीर आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन नाटककार लोरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' (उन्हातला बेदाणा) हे नाटक बी.ए.ला शिकवताना हाताशी असावं म्हणून तुम्ही सांगली, मिरज, तासगावच्या आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना चार पानी टिपण लिहून दिलंत. त्याबद्दल मनापासून आभार. आभार जाहीरपणे मानतोय, कारण तुमची रीत इतर वर्गांपर्यंतही पोचावी असं आम्हाला फार वाटतं.

या नाटकाचं नाव अमेरिकन कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूजच्या १९५१ सालच्या 'हार्लेम' या कवितेतून आलं आहे. नाटकाच्या पुस्तकात ती सुरुवातीलाच छापलेली असते आणि बहुतेक वर्गांत तिथेच राहून जाते. एकदा वाचायची, 'नाव इथून घेतलं' म्हणायचं, की लगेच पहिला अंक. तुमचं म्हणणं अगदी उलट. दोन पूर्ण तासिका त्या अकरा ओळींनाच द्यायच्या. तोवर नाटकाचा विषय काढायचा नाही, कवीचं चरित्र नाही, अमेरिकेतल्या वर्णभेदाचा इतिहासही नाही. इतिहास आधी सांगितला की मुलं ओळींकडे बघायचं सोडतात आणि पेपरात कवितेच्या जागी इतिहास उतरवतात.

कोऱ्या कागदावर मधोमध कविता आणि दोन्ही बाजूंना भरपूर समास, हा तुमचा पहिला नियम. दोनदा मोठ्याने वाचन : एकदा शिक्षकाचं, एकदा विद्यार्थ्याचं. मग पेन्सिल घेऊन फक्त प्रश्नचिन्हं शोधायची. पुढे ढकललेल्या स्वप्नाचं काय होतं, या पहिल्या प्रश्नामागून प्रश्नच येत राहतात : उन्हातल्या बेदाण्यासारखं वाळतं का, जखमेसारखं चिघळतं का, सडलेल्या मांसासारखा वास मारतं का, पाकातल्या मिठाईसारखी त्यावर साखरेची पापडी धरते का. एकच वाक्य प्रश्न नाही : स्वप्न जड ओझ्यासारखं खाली ओढत असेल कदाचित, असं म्हणणारं. सगळे प्रश्न असताना इथेच आवाज का खाली आला, हे वर्गाला विचारायचं आणि गप्प राहायचं. त्यानंतरची स्फोटाची ओळ एकटी आहे, तिरप्या टाइपात आहे आणि तिच्यात 'सारखं' नाही. आधीच्या पाचही प्रतिमा उपमा आहेत, ही एकच नाही. मुलांना हे स्वतः सापडलं तर पुढचं अर्धं काम झालं. 'उपमा अलंकार, उदाहरण द्या' असं आधीच सांगून टाकलं, तर हा फरक कुणाच्याच नजरेस पडत नाही.

मग तक्ता. प्रतिमा, कोणत्या इंद्रियाला जाणवते, व्हायला किती वेळ लागतो, आणि उलटं फिरवता येतं का, असे चार रकाने. शेवटचे दोन रकाने आम्ही इतर कुठे पाहिलेले नाहीत, आणि खरी चर्चा तिथेच होते. जखम बरी होऊ शकते. सडलेलं मांस परत ताजं होत नाही. पाकातल्या मिठाईपाशी मुलं हमखास अडतात. गोड म्हणजे चांगलं, असं धरून चालतात. तिथे तुम्ही लिहिलंय तेवढंच विचारायचं : उघड्या ताटलीत राहिलेल्या मिठाईवर साखरेची पापडी धरली, तर ती कुणी खाईल का?

सगळ्यात जास्त वेळ जातो तो बेदाण्याला, आणि तासगाव-कवठेमहांकाळच्या मुलांसमोर तो जायलाच हवा. द्राक्षाचा बेदाणा होणं हे त्यांच्या घरचं उत्पन्न आहे, नासाडी नव्हे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तो टिकतो आणि विकला जातो. शिवाय आपल्याकडे घड द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर, शेडनेटच्या सावलीत वाळवतात. थेट उन्हात माल काळपटला की भाव पडतो. म्हणून एखादा विद्यार्थी म्हणतो, 'ऊन लागलं म्हणूनच वाया गेला.' दुसरा म्हणतो, 'वाळला तरी बेदाणा गोडच ना?' दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहायची आणि मगच सांगायचं, की कॅलिफोर्नियात द्राक्षं पूर्वापार उन्हातच वाळवत आले आहेत. मग प्रश्न उरतो तो कवितेचा : आतलं पाणी गेलं, आकार गेला, काय शिल्लक राहिलं? आणि स्वप्न पुढे ढकललं कुणी? कवितेत तो कर्ता कुठेच नाही. हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला, की इतिहास सांगायची वेळ झाली. आता तो त्यांना हवा असतो.

तिसऱ्या तासिकेला नाटक, तेही संवादांपासून नाही. पहिल्या अंकाआधीच्या रंगसूचना आधी घ्यायच्या : झिजलेलं फर्निचर, एकुलती एक छोटी खिडकी, आणि पुढे त्या खिडकीशी मामा (म्हणजे घरातली आई) जपते ते रोपटं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं त्या गावातही मुलं रंगसूचना सोडूनच वाचतात! कवितेच्या तक्त्यानंतर मात्र त्या खोलीतल्या वस्तू त्यांना आपसूक दिसू लागतात.

पुढे वाचताना तक्त्याला पाचवा रकाना : कोणाचं स्वप्न, कुठला अंक, कुठला प्रवेश. इथली चूक तुम्ही ठळक अक्षरांत लिहिली आहे, एका पात्राला एक प्रतिमा चिकटवून मोकळं होण्याची. मामाचा मुलगा वॉल्टर म्हणजे स्फोट, त्याची बायको रूथ म्हणजे ओझं, संपलं. म्हणून रकाना पेन्सिलीने भरायचा आणि दर प्रवेशाला खोडायची मुभा द्यायची. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मिळालेल्या विम्याच्या १०,००० डॉलरपैकी मामा ३,५०० घरासाठी भरते आणि उरलेले ६,५०० वॉल्टरच्या हाती देते, त्यातले ३,००० मुलगी बेनीथाच्या शिक्षणासाठी. त्या प्रवेशात वॉल्टरची जखम भरत आल्यासारखी वाटते. पुढच्याच प्रवेशात पैसे बुडाल्याचं कळतं. हे कृष्णवर्णीय कुटुंब आपल्या वस्तीत राहायला येऊ नये म्हणून पैसे देऊ करणाऱ्या गोऱ्या लिंडनरच्या गोड बोलण्याला मुलं पाकाची प्रतिमा लावतात, तेव्हा तुमचा प्रश्न कामी येतो : 'पण इथे स्वप्न कुणाचं?' आणि शेवटी वॉल्टर लिंडनरचे पैसे नाकारतो, त्या क्षणाला सहापैकी एकही प्रतिमा नीट बसत नाही. तो रकाना कोराच राहू द्यावा, हे तुमचं मत आम्हाला पूर्ण पटलं. नाटक कवितेच्या पुढे गेलं ते नेमकं इथे.

मराठीच्या काही सहकाऱ्यांनी हीच रीत हरिपूरच्या देवलांच्या 'संगीत शारदा'साठी उचलली आहे : पदं आधी कविता म्हणून, प्रवेश नंतर.

टिपणाच्या प्रती काढून जूनमध्ये इतर महाविद्यालयांतल्या शिक्षकांना द्यायचा विचार आहे. काही बदल हवे असतील तर त्याआधी कळवा. तक्त्याचा कोरा नमुना सोबत जोडला आहे. पाचव्या रकान्याला जागा थोडी वाढवली आहे, चालेल ना ते पाहावं.

आपले नम्र,
सांगली, मिरज व तासगाव येथील इंग्रजीचे शिक्षक