मे नको, फेब्रुवारीत या

लष्कर, ग्वाल्हेर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर आई म्हणाली, "सोनूला सुट्टी लागली की मे महिन्यात येतो." तुमची वाट मी वर्षभर बघतेय, तरी हात जोडून सांगते, मे नको.

मे-जूनमध्ये इथे पारा ४५च्या वर जातो आणि राजस्थानकडून लूचे गरम वारे वाहतात. रात्री दहाला नळ सोडला तरी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कढत येतं. आंघोळीच्या बादल्या आम्ही पहाटेच भरून ठेवतो. बाबा, तुमच्या बीपीच्या गोळीने मुळात लघवीला जास्त होतं. त्यात एवढा घाम गेला की अंगातलं पाणी आणि मीठ झपाट्याने उतरतं, चक्कर येते. कितीही पन्हं पाजलं तरी मला ही जोखीम घ्यायची नाही. पावसाळ्यात ऊन उतरतं, पण हवा दमट झाली की कूलर काही कामाचा राहत नाही.

बाबांच्या मनात तानसेन समारोह आहे, हे ठाऊक आहे मला. पण तो डिसेंबरात, बऱ्याच मैफली रात्रीच्या, आणि पाठोपाठ धुकं. झेलम पुण्याहून वेळेवर सुटेलही. परतीची गाडी मात्र उत्तरेकडच्या धुक्यातून येते, कधी कधी कित्येक तास उशिरा. दम्याच्या आईला तशा गारठ्यात फलाटावर बसवायला माझं मन घेत नाही.

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरू या. दुपारी साधारण २५-२७ अंश, पहाटे गारवा, एक स्वेटर पुरे. किल्ल्यावर उरवाई दरवाज्याने गाडी वर जाते, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना चढ नाही. तिथल्या मानमंदिर राजवाड्याच्या निळ्या फरश्यांवरची बदकं आईला दाखवायची आहेत. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी सकाळी निवांत बसू, तिथे गर्दी नसते. बाजारात गजकही असेल; तिळाची, खुसखुशीत, बाबांच्या दातांना चालेल अशी. सोनूची परीक्षा तोंडावर असेल, असू दे. दुपारी शाळेतून आल्यावर आजी घरात असणं त्याला सुट्टीपेक्षा मोठं आहे.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा डिसेंबरच्या मध्यावर मी तिकिटं काढते, दोघांनाही खालचे बर्थ मागून. आई, परतीची तारीख एवढ्यात विचारू नकोस. बाबा, निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून या आणि गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आणा.

तुमची लेक