ऐंशी किलोमीटरवरून पाहिलेले एकशे दहा सेकंद

चेन्नई,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मधुकर,

सप्रेम नमस्कार.

संक्रांतीला फोन केलास तेव्हा तू विचारलेस, "उड्डाण पाहिलेस म्हणतोस, पण दिसले काय?" त्या वेळी घरात पाहुणे होते आणि मी काहीतरी तुटक उत्तर दिले. तेव्हापासून मनाला चुटपुट लागून राहिली आहे, कारण वालचंदनगरच्या कारखान्यात ज्याने इस्रोच्या पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याची कवचे घडवण्यात उमेदीची वर्षे घालवली, त्या माणसाला याचे पूर्ण उत्तर मिळायला हवे.

३० डिसेंबरची रात्र होती. आमच्या बेसंट नगरातील घराच्या गच्चीवरून श्रीहरिकोटा सरळ उत्तरेला, सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. पीएसएलव्ही-सी६० चे उड्डाण आधी नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी व्हायचे होते, परंतु कक्षेत दुसऱ्या उपग्रहांच्या फार जवळून जाणे टाळण्यासाठी ते दोन मिनिटे पुढे ढकलले गेले. ती दोन मिनिटे मला फार लांब वाटली. हातातल्या फोनवर इस्रोचे थेट प्रक्षेपण चालू होते आणि उलटी मोजणी ऐकू येत होती. तेवढ्यात शेजारची मुलगी ओरडली, "काका, तिकडे बघा!" प्रक्षेपण आमच्यापर्यंत काही सेकंद उशिराने पोहोचत होते, फोनमधला अग्निबाण अजून तळावर उभा होता आणि खरा निघालेला होता. मी फोन उलटा करून कठड्यावर ठेवला.

आधी ज्योत दिसलीच नाही. शहराच्या दिव्यांपलीकडे आभाळाचा एक तुकडा केशरी झाला, गावाबाहेर कोठे गंजीला आग लागल्यावर होतो तसा. पृथ्वीच्या गोलाईमुळे आमच्या गच्चीवरून तेथील पहिली तीनशे-साडेतीनशे मीटर उंची क्षितिजाआडच राहते, त्यामुळे पहिले सात-आठ सेकंद आपल्याला फक्त उजेड मिळतो. मग इमारतींच्या रेषेवरून तो वर आला. चव्वेचाळीस मीटर उंचीचे आणि २२९ टन वजनाचे ते यंत्र एवढ्या अंतरावरून एका ठिपक्याहून मोठे नव्हते, परंतु तो ठिपका असा पिवळाजर्द आणि प्रखर होता की त्याच्या आसपासच्या चांदण्या नाहीशा झाल्या.

पुढचे मला अगदी अनपेक्षित होते. तो दूर जाईल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेकडे वळत आल्यामुळे आमच्या बाजूलाच सरकला, आणि पाहता पाहता ईशान्येला इतका उंच गेला की मान मागे टाकावी लागली. आवाज मात्र काहीच नव्हता. एवढे अंतर तोडायला ध्वनीला चार मिनिटे लागतात, आणि तोवर त्यात ऐकण्याजोगे फारसे उरत नाही. तुला आठवते, पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन भरतात हे तू मला प्रथम सांगितलेस तेव्हा माझा विश्वास बसेना, म्हणून साखर कारखान्याच्या काट्यासमोर उभ्या असलेल्या उसाच्या गाड्या दाखवून, एकीचे दोन टन धरून, अशा सत्तर गाड्या होतील असा हिशेब तू मांडला होतास. त्या सत्तर गाड्या माझ्या डोळ्यांसमोर निःशब्दपणे जळत होत्या, आणि त्यांचा सगळा ताप व दाब मॅरेजिंग या अतिशय मजबूत पोलादाच्या त्या पाच खंडांनी आत कोंडून धरला होता. त्यांतला कोणता खंड कोठे घडला हे तुझ्या माणसांनाच ठाऊक. मी मात्र ते एकशे दहा सेकंद तुझ्याच नावाने मोजले.

आणि मग तो एकाएकी मंदावला. गच्चीवर कोणीतरी "गेला!" म्हणाले, आणि माझ्याही छातीत धस्स झाले. वास्तविक कारण मला माहीत होते. घन इंधनातील अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीमुळे पहिल्या टप्प्याची ज्योत डोळे दिपवते; दुसऱ्या टप्प्यात विकास इंजिनाचे द्रवरूप इंधन जळते, त्याची ज्योत जवळजवळ पारदर्शक असते. माहीत असणे आणि अंधारात उभे राहून पाहणे यांत किती अंतर आहे, ते त्या क्षणी कळले. एक फिकट ठिपका पुढे सरकताना दिसला तेव्हा मी शेजाऱ्यांना म्हणालो, "गेला नाही, कवच सुटले. त्याचे काम झाले."

मधुकर, मला त्या क्षणी तुझे एक जुने बोलणे आठवले. वेल्डच्या शिवणींचे एक्स-रे पुन्हा पुन्हा तपासून महिनोन्‌महिने जपलेली वस्तू लांबलचक ट्रेलरवरून फाटकाबाहेर पडते आणि ती पुन्हा कधी कोणी पाहत नाही, असे तू म्हणाला होतास. ती समुद्रात पडताना मलाही दिसली नाही. पण तिचा शेवटचा उजेड मी पाहिला, आणि त्यात कोठेही खोट नव्हती.

पुढची हकीकत वर्तमानपत्रांत आलीच आहे. त्या अग्निबाणाने नेलेले स्पेडेक्स मोहिमेचे दोन्ही उपग्रह, प्रत्येकी सुमारे २२० किलोंचे, १६ तारखेला सकाळी अंतराळात एकमेकांना जोडले गेले, आणि हे साधणारा भारत अमेरिका, रशिया व चीन यांच्यानंतरचा चौथा देश ठरला. वहिनींना आवडेल अशी गोष्ट वेगळीच आहे: अग्निबाणाच्या कक्षेतच राहिलेल्या चौथ्या टप्प्यावर एका लहानशा पेटीत चवळीचे आठ दाणे पाठवले होते. चार दिवसांत त्यांना मोड आले आणि मग पानेही फुटली. त्यांना सांग, चवळी ती आपली नेहमीचीच.

त्या रात्री दहा वाजता तू जागा होतास का, आणि टीव्हीवर ज्योत मंदावली तेव्हा तुझ्या मनात काय आले, ते मात्र सविस्तर लिही. फोनवर नको. पुढच्या रात्रीच्या उड्डाणाची तारीख जाहीर झाली की मी कळवीन. गच्चीला जिना आहे, पण कठडा धरून सावकाश चढता येतो.

तुझा,
श्रीनिवास