शोनू, तुझं हाफ तिकीट

शोनू,

परवा स्वारगेटहून साताऱ्याला जाताना कंडक्टर काकांनी विचारलं पोरगी केवढी, आणि मी तोंड उघडायच्या आत तूच ठणकावून सांगितलंस, "पाच पूर्ण, सहावं लागलं!" झालं, निघालं तुझं तिकीट. एसटीत ५ वर्षांच्या आतलं पोर फुकट, ५ ते १२ हाफ. इतके दिवस तू आजोबांच्या पार्टीत होतीस, ते पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून फुकट आणि तू लहान म्हणून फुकट. आता तू आईच्या पार्टीत, कारण मार्च २०२३ पासून बायकांना पण निम्मंच भाडं लागतं. म्हणजे आख्ख्या घरात फुल तिकीटवाला मी एकटाच! आणि तू तो कागद मुठीत धरून शेजारच्या मावशींना, मागच्या आजींना, सगळ्यांना दाखवलास आणि मला म्हणालीस बाबा आता मी मांडीवर नाही बसणार, माझी सीट आहे. बस की बाई, मी कुठे नाही म्हणतोय. पण कात्रजचा बोगदा आला तरी मला मांडी हलकी हलकीच वाटत होती.

स्कूटरवर पण असंच झालं. आधी माझ्या पुढ्यात उभी असायचीस, हॉर्नचं खातं तुझ्याकडे. मग तुझं डोकं माझ्या हनुवटीला लागायला लागलं, पुढचं दिसेना, म्हणून तुला मागे बसवली आणि हेल्मेट घेतलं, चार वर्षांच्या पुढच्या पोरांना ते कायद्यानेच लागतं. मागून कमरेला घट्ट मिठी मारतेस ते भारी वाटतं, पण तुझी बडबड वाऱ्यावर जाते, मला अर्धीच ऐकू येते, मी नुसतं हो हो करतो आणि ते तुला बरोब्बर कळतं.

आता तुला वाटेल बाबा किती रडका. तसं नाहीये हां. तू मोठी व्हावीस म्हणून आम्ही देव पाण्यात घातले होते. रात्रीची झोप, चमच्याने भरवणं, आणि ते बाथरूममधून "आईऽऽ झालीऽऽ", ते पण नेमकं आम्ही जेवायला बसलो की! आता सगळं स्वतःचं स्वतः करतेस, वर आतून कडी लावतेस. सुटलो म्हटलं. आणि सुटलो म्हणताना आई माझ्याकडे बघत होती आणि मी आईकडे, दोघांनाही पुढे काय बोलावं सुचेना.

खालचा पुढचा दात हलतोय तो सारखा जिभेने ढकलू नकोस, पडेल त्याचा तो. २० दुधाचे दात आहेत, एकेक यायला घरभर रडारड होती, आता तितकेच एकेक करून जाणार, बाराव्या वर्षापर्यंत चालेल तो कार्यक्रम. पण सगळ्यात मागे एक नवी दाढ येईल ती गुपचूप येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही आणि ती कायमची असते, म्हणून ब्रश मागेपर्यंत फिरवायचा, पुढच्या पुढे नाही!

वाचायला लागल्यापासून तर आमची पंचाईतच आहे. माझ्या खांद्यावरून व्हॉट्सॲप वाचतेस आणि आजीला जाऊन सांगतेस. जोडाक्षरांना अजून अडखळतेस तेवढीच काय ती आमची प्रायव्हसी. जूनमध्ये पहिलीत गेलीस की ती पण गेली.

बरं, संक्रांतीचं. आजी म्हणाली पाच झाली, आता बोरन्हाण बास. मला वाटलं भोकाड पसरशील. तू पाच मिनिटं विचार केलास आणि म्हणालीस मग मावशीच्या बाळाच्या डोक्यावर मी ओतणार, आणि गेल्या वर्षीचा तुझा हलव्याचा मुकुट कपाटातून काढून स्वतःच मावशीच्या पिशवीत ठेवलास. मी बघत होतो. लय शहाणी झालीस गं, इतकी घाई नव्हती.

तर, ओतताना चुरमुरे भरपूर ओत, बोरं मात्र बाजूबाजूने टाक, डोक्याला लागतात. आणि खाली पडलेल्या गोळ्या वेचायला तू पोरांच्यात घुसलीस तरी चालेल, आजीला विचारलंय मी, त्याला वयाची अट नाही.

तुझा,
बाबा