आधी पत्रा, मग कार्पेट

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला कुर्ल्याला, तुमच्या गाड्यांच्या कार्पेटच्या दुकानात येऊनही चाललं असतं. पण तुम्ही जे समजावून दिलंत ते मुंबईत जुनी फियाट, पद्मिनी किंवा अँबॅसडर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. आता उरल्यात त्या घरोघरी जपलेल्या गाड्या. त्यांचा पत्रा टिकावा म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत.

कार्पेटचा रंग निवडायला आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही नमुन्यांचा गठ्ठा दाखवत नाही. आधी विचारता, "जुनं उचलून खालचा पत्रा बघितलात का?" या एका प्रश्नाबद्दल तुमचे सगळ्यात जास्त आभार. मुंबईत गाडीचा तळ वरून सडतो. रस्त्याचं पाणी खालून लागतंच, पण आत आलेलं पाणी कार्पेटखाली महिनोन्‌महिने बसून राहतं आणि ते कुणाला दिसत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही सीट आणि मागची गादी काढायची, दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या काढायच्या, जुनं कार्पेट न फाडता उचलायचं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळा तळ ठोकत जायचं. चांगला पत्रा टण्‌ वाजतो, सडका बद्द वाजतो. ड्रायव्हरच्या टाचेखालची जागा, उंबऱ्याला लागून असलेले कोपरे आणि सीटचे बोल्ट जिथे बसतात तो आडवा पट्टा, ही तीन ठिकाणं तुम्ही बोटाने दाखवलीत. सड बहुतेक तिथेच सापडते.

पाणी कुठून येतं ते शोधायची तुमची पद्धतही इथे लिहून ठेवतो, कारण गळती तशीच ठेवून घातलेलं कार्पेट एका पावसाळ्यात वाया जातं. आतला पत्रा कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची, एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. पाणी खालून वर न्यायचं : आधी उंबरा, मग दार, मग पुढच्या काचेचं रबर, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं भोक सापडत नाही. पावडरीवर उठलेला ओघळ पाण्याची वाट दाखवतो. पुष्कळदा गुन्हेगार दार निघतं. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात. ती माती आणि रंगाने बुजली की दारात साचलेलं पाणी आत सांडतं. त्यावर खर्च एका जाड तारेचा.

गंजाबद्दल तुम्ही कडक आहात आणि असायलाच हवं. भोक पडलं असेल तर डेंटरकडून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यायचा. वरून डांबरी शीट किंवा फायबर चिकटवलं की पाणी दोन थरांमध्ये अडकतं आणि भोक हाताएवढं होतं. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं गंजरोधक लावायचं, मग एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि वर रंग. त्यानंतर आठवडाभर दारं उघडी ठेवून सुकू द्यायचं. घाईने झाकलं तर थिनरचा वास आत कोंडतो आणि वरचं चिकटवलेलं सुटतं. तळातली रबरी बुचं नवीन बसवायची आणि ती कशानेही झाकायची नाहीत.

कार्पेटच्या खाली काय घालायचं, याचा विचार गिऱ्हाईक करतच नाही. जुन्या गाड्यांत नमदा, म्हणजे दाबून केलेलं जाड लोकरीसारखं कापड, असायचा. आवाज तो छान अडवतो, पण एकदा भिजला की आठवडाभर ओला राहतो. साध्या गादीचा फोम त्याहून वाईट, तो सरळ स्पंजच. तुम्ही सुचवलेल्या बंद पेशींच्या पॉलिथिलीन फोममधले हवेचे कप्पे सुटे, बंद असतात, म्हणून तो पाणी पीत नाही. तो ५ मिलिमीटर पुरतो. त्याखाली पत्र्याची थरथर मारायला २ मिलिमीटरचे ब्युटाइलचे (चिकट रबराचे) तुकडे, तेही प्रत्येक सपाट भागाच्या मध्यावर, साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश जागेवर, रोलरने दाबून. सगळा तळ मढवला तर वजन आणि खर्च वाढतो, आवाजात तेवढा फरक पडत नाही. छताच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी मात्र गाडीत नको. मे महिन्यात बंद गाडीत ती पाघळते.

आता कार्पेट. "नायलॉन आहे" असं सांगून बाजारात पॉलिप्रॉपिलीन गळ्यात मारतात. ते ओळखायच्या तुमच्या दोन परीक्षांनी आमचे डोळे उघडले. नमुन्यातले चार धागे ओढायचे, साबणाच्या पाण्याने चोळून त्यांतली हवा काढायची आणि पेल्यातल्या पाण्यात टाकायचे. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. नायलॉन, पॉलिएस्टर आणि लोकर बुडतात. बुडालेला धागा सुकवून चिमट्यात धरून जाळायचा : लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, नायलॉन वितळून त्याचा टणक मणी होतो. काम उघड्यावर करायचं, कारण वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.

पॉलिप्रॉपिलीन ओल धरत नाही ही गोष्ट खरी, पण टाचेखाली ते चेपतं ते पुन्हा उठत नाही आणि उन्हाने लवकर विरतं. लोकर सुंदरच. जुन्या महागड्या इंग्लिश गाड्यांची शान त्या आखूड कापलेल्या लोकरी कार्पेटमध्ये होती. पण लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ओल पिऊनही हाताला कोरडी लागते, आणि मुंबईत तिला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. बंद गॅरेजमधल्या प्रदर्शनाच्या गाडीला लोकर घाला, रोज निघणाऱ्या पद्मिनीला नायलॉन, हा तुमचा सल्ला आम्हाला शंभर टक्के पटला. आणि नायलॉनमध्येही आखूड, दाट लूप, म्हणजे न कापलेल्या धाग्यांच्या वेटोळ्यांचं कार्पेट. पद्मिनीसारख्या साध्या गाडीला तोच शोभतो, उंच गुबगुबीत कार्पेट तिच्यात परकं दिसतं.

नमुना हातात घेतल्यावर तो पाठीकडे दुमडून कडेवर पाहायचा. धाग्यांमधून पाठ दिसली तर मधल्या उंचवट्यावर, जिथे गिअरबॉक्सवरून कार्पेट वळतं तिथे, तीच पाठ कायम दिसत राहील. पाठ तागाची असेल तर घ्यायचं नाही, ओलीने ती कुजते. घरासाठीच्या कार्पेटला दुहेरी कडक पाठ असते. ते वळणावर बसत नाही, फुगून उभं राहतं. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून रंग सुटतो का तेही बघायचं. रंगाची निवड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न करता एक फुटाचा तुकडा गाडीत टाकून, दारं लावून करायची. माल गाडीसाठीच विकत असतील तर आयएस १५०६१ या भारतीय मानकाच्या आग-चाचणीबद्दल विचारायचं.

दोन मीटर पन्ह्याचं तीन मीटर कार्पेट पद्मिनीच्या तळाला आणि उंचवट्याला पुरतं, डिकी धरली तर चार. सगळं एकाच रोलमधून, एकाच वेळी. पुढच्या महिन्यात आणलेल्या तुकड्याची छटा हमखास वेगळी येते. कापतानाही प्रत्येक तुकड्याचे केस (वरचे धागे) एकाच दिशेला हवेत. एक तुकडा उलटा पडला तर तो दुसऱ्याच रंगाचा वाटतो.

जाडीचं गणित तुम्ही खडूने लाकडी फळीवर मांडून दाखवलंत : ब्युटाइल २, फोम ५ आणि कार्पेट ८, म्हणजे १५ मिलिमीटर. पेडलखाली एवढी जाडी आली की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला जात नाही आणि क्लच पुरता सुटत नाही, मग गिअर करकरतो आणि माणूस क्लच-प्लेट बदलायला निघतो. म्हणून कापण्याआधी सगळे थर नुसते पसरून प्रत्येक पेडल तळापर्यंत दाबून पाहायचं, आणि पेडलखाली फोम वगळायचा. सीटच्या पायांखालीही फोम आणि कार्पेट दोन्ही कापून सीट थेट पत्र्यावर बसवायची. चेपणाऱ्या थरावर कसलेला बोल्ट थर दबला की ढिला होतो. हा निव्वळ सुरक्षेचा प्रश्न आहे आणि पुष्कळ कारागीर तो सोडून देतात. तुम्ही सोडत नाही.

बोल्टसाठी कार्पेटमध्ये ड्रिल चालवायचं नाही, हेही ठळक लिहायला हवं. ड्रिलच्या टोकात एक लूप अडकला की तो फिरत फिरत या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी रांग उसवतो आणि नवं कोरं कार्पेट बाद होतं. खालून टोच्याने भोकाची जागा काढायची आणि नायलॉनला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडायचं, म्हणजे कडा वितळून बंद होते. लोकरीला पंच.

बेतायला तुम्ही जाड खाकी कागद वापरता. उंबऱ्याच्या पट्टीखाली जायला २५ मिलिमीटर, शिवणीला १० मिलिमीटर जास्तीचं सोडता. कडेला ३५ मिलिमीटर रुंद रेक्झिनची पट्टी, नायलॉनचा दोरा. टाचेची जाड रबरी पट्टी कार्पेट गाडीत जाण्याआधीच शिवून घेता, आणि ती जागा ड्रायव्हरला सीटवर बसवून, त्याचा पाय पेडलवर ठेवून खडूने आखता.

आणि तितकेच मोठे आभार टिचबटणांसाठी. चिकटवायचं सोल्युशन फक्त मधल्या उंचवट्यावर आणि उभ्या बाजूंवर लावता. तळाचे चार तुकडे मोकळे, प्रत्येकाला कोपऱ्यात टिचबटणं, आणि बटणाचा प्रत्येक स्क्रू सीलरमध्ये बुडवून घट्ट केलेला. जून ते सप्टेंबरमध्ये ओल्या चपलांनी गाडीत बसल्यावर संध्याकाळी ते तुकडे दोन मिनिटांत निघतात, घरात पंख्याखाली वाळतात आणि पत्रा उघडा राहतो. तळाला पूर्ण चिकटवलेलं कार्पेट पहिल्या दिवशी जास्त देखणं दिसतं, तरी तुम्ही ते करून देत नाही. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरीही नाही.

तुमच्या खाकी कागदाच्या बेतांवर आम्ही प्रत्येक तुकड्याचं नाव, पुढची बाजू आणि केसांच्या दिशेचा बाण शाईने काढून ते गुंडाळून ठेवले आहेत. गणपती झाले की दुसऱ्या पद्मिनीचा तळ उघडायचा आहे. तेव्हा आधी पत्र्याचे फोटो घेऊन येतो, नमुन्यांचा गठ्ठा नंतर काढा.

आपले कृतज्ञ,
मुंबईतले काही फियाटवाले