तो हिरव्या शंखांचा नेकलेस घेऊ नकोस

प्रिय मंद्या,

ताईसाठी बघितलेल्या नेकलेसचा फोटो पाठवलास ना, तो झूम करून करून बघत बसलोय. विकणारा लिहितो समुद्राचे शिंपले, रंग नॅचरल. रंग खराच नॅचरल आहे रे, पण समुद्राशी त्याचा काडीचा संबंध नाही. ही झाडावर राहणारी गोगलगाय आहे, पापुस्टायला पुल्चेरिमा, आणि अख्ख्या जगात फक्त पापुआ न्यू गिनीच्या उत्तरेला मानूस बेट आणि आसपासच्या बेटांवर सापडते. 1931 मध्ये रेन्श यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं, पण तिथल्या लोकांना ती अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

जमिनीवरच्या गोगलगायींत असा पोपटी हिरवा शंख फार म्हणजे फारच दुर्मिळ. साधारण चार सेंटीमीटरचा, आणि वेटोळ्याच्या सांध्यावरून एक पिवळी रेघ फिरत वर जाते, ती तुझ्या फोटोतही दिसतेय बघ. आणि गंमत म्हणजे हिरवा रंग शंखाच्या चुन्यात नसतोच, तो असतो वरच्या पातळ प्रथिनांच्या सालीत, पेरिऑस्ट्रॅकम म्हणतात तिला, आणि खालचा चुन्याचा थर पिवळा. डावीकडून तिसऱ्या शंखाला दोरा ओवायला भोक पाडलंय तिथे बघ, कडेची साल उडालीय आणि आतला पिवळा बाहेर आलाय. मला तिथेच खात्री पटली.

आता मला खरं छळतंय ते सांगतो. गोगलगाय मेली की शंख खाली पडतो, उन्हापावसात ही साल सुकते, सोलवटते, हिरवा जातो. म्हणजे दुकानात इतका चकचकीत हिरवा शंख दिसला की तो बहुतेक जिवंत गोगलगायीचाच काढलेला. ती दिवसा उंच झाडांवर पानांच्या खालच्या बाजूला चिकटून असते, रात्री चरते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. झाडं तुटली की तिचं घरच गेलं, वरून दागिन्यांसाठी गोळा करणं आहेच. ती किती कमी झाली याचा अंदाज बांधताना संशोधकांनी गावकऱ्यांनाच विचारलं, मला ही पद्धत फार आवडली, कारण रोज जंगलात जाणाऱ्यांपेक्षा जास्त कोणाला कळणार?

ती साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे, म्हणजे देशाबाहेर न्यायला परमिट लागतं. ज्याला हा शंख समुद्राचा वाटतो त्याच्याकडे परमिट असेल असं मला तरी वाटत नाही, तरी तू एकदा विचारच, आणि जाहिरातीवर रिपोर्टचं बटण असेल तर तेही दाब.

ताईला हिरवंच हवं असेल तर काचेच्या मण्यांचं बघ, त्यातही मस्त शेड मिळतात. मी शोधतो आणि रात्री लिंक पाठवतो, तोवर पैसे भरू नकोस प्लीज.

तुझा,
अव्या