बालवर्गाच्या पालकांसाठी: शनिवारची मीटिंग

नमस्कार पालकहो, येत्या शनिवारी सकाळी १० वाजता बालवर्गाच्या खोलीत मीटिंग आहे, आई किंवा बाबा एकाने तरी याच. वर्गात सारखा खेळच का, वही कोरी का, असं बरेच जण विचारतायत, तर ताई तेच करून दाखवणारेत. मणी ओवणं, माती मळणं, कात्रीने कापणं यातूनच बोटांत पेन्सिल धरायची ताकद येते, ती यायच्या आधीच अक्षरं गिरवायला बसवलं तर मूल लिहायलाच कंटाळतं, म्हणून प्लीज घरी पानंच्या पानं लिहून घेऊ नका.

- मुलांना आणू नका, तुम्हालाच खेळायचंय
- रोज गोष्ट वाचून दाखवा, तीच तीच मागितली तरी
- बूट, दप्तर त्यांचं त्यांना करू द्या, वेळ लागला तरी लागू दे

येताय का ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.